बुडालेले जहाज कुणाचे?

योकोहामाच्या किनाऱ्यावर, यामाशिता उद्यानालगत, ‘हिकावा मारू’ नावाचे एक जुने प्रवासी जहाज १९६१ पासून उभे आहे. १९३० साली ते योकोहामा ते सिॲटल या मार्गासाठी बांधले गेले. १९३२ मध्ये चार्ली चॅप्लिन जपानहून परतला तो याच जहाजाने. दुसऱ्या महायुद्धात त्याचे रुग्णालय-जहाज झाले आणि ते तगले. २०१६ साली जपानने त्याला महत्त्वाच्या सांस्कृतिक संपत्तीचा दर्जा दिला. आज तिकीट काढून कुणीही त्याच्या भोजनकक्षात आणि इंजिनघरात फिरू शकतो.

त्याच वर्षी, त्याच मार्गासाठी बांधलेले त्याचे भावंड म्हणजे ‘हेइआन मारू’. ते आज पश्चिम प्रशांत महासागरात, सुमारे ३५ मीटर खोल तळावर, डाव्या कुशीवर आडवे पडले आहे. त्याच्या नाळेवरची नावाची अक्षरे, रोमन आणि जपानी दोन्ही, गंज आणि प्रवाळाखालूनही वाचता येतात. तेही पाहायला लोक जातात, पाठीवर हवेच्या टाक्या बांधून.

ही दोन्ही जहाजे एकाच इतिहासाची साक्ष देतात. पहिल्याला मालक आहे, रंगकाम आहे, रक्षक आहे. दुसरे नक्की कुणाचे, याचे सरळ उत्तर ऐंशी वर्षांत मिळालेले नाही. जहाजातून उत्पन्न मिळते तेव्हा हक्कदार पुष्कळ असतात, जहाजातून तेल गळू लागते तेव्हा मात्र कुणीच नसतो. समुद्रतळावरच्या वारशाविषयी जे काही भावनेने बोलले जाते, ते या विसंगतीपाशी येऊन थांबते, आणि म्हणून चर्चा तेथूनच सुरू व्हायला हवी.

हेइआन मारू जेथे आहे त्या द्वीपसमूहाचे नाव चुऊक. (स्थानिक उच्चार मराठीतल्या ‘चूक’ या शब्दाला फारच जवळचा आहे, गैरसमज टळावा म्हणून येथे ‘चुऊक’ असे लिहिले आहे. युद्धकाळच्या कागदपत्रांत ते ‘ट्रुक’ म्हणून येते.) सुमारे २२५ किलोमीटर घेराची प्रवाळभिंत, तिच्या आत शांत पाण्याचे विस्तीर्ण लगून, आणि त्या लगूनमध्ये हिरव्या डोंगरांची बेटे. भिंतीला मोजक्याच वाटा. आरमाराला आसरा हवा असेल तर यापेक्षा सुरक्षित जागा निसर्गाने क्वचितच घडवली असेल, आणि नेमके हेच या बेटांचे दुर्दैव ठरले.

स्पेनने ही बेटे १८९९ मध्ये जर्मनीला विकली. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटताच जपानने ती ताब्यात घेतली, आणि पुढे राष्ट्रसंघाने त्याच ताब्यावर ‘मॅन्डेट’ची मोहोर उठवली. या सगळ्या देवघेवीत बेटांवरच्या माणसांना कुणी काही विचारले नाही. १९४२ नंतर जपानच्या संयुक्त आरमाराचा मुख्य तळ येथेच होता. ‘यामातो’ आणि ‘मुसाशी’ या जगातील सर्वांत मोठ्या युद्धनौका याच पाण्यात नांगरून असत. अमेरिकी वृत्तपत्रे या तळाला ‘प्रशांताचे जिब्राल्टर’ म्हणत.

४ फेब्रुवारी १९४४ रोजी अमेरिकेची टेहळणी विमाने या लगूनवरून घिरट्या घालून गेली. जपानी नौसेनाधिपतींनी इशारा ओळखला आणि मोठ्या युद्धनौका तेथून हलवल्या. मागे राहिली ती मुख्यतः मालवाहू आणि तेलवाहू जहाजे. १७ आणि १८ फेब्रुवारीला अमेरिकी विमानवाहू नौकांवरून लाटांमागून लाटा आल्या. दोन दिवसांत अडीचशेहून अधिक जपानी विमाने नष्ट झाली आणि सुमारे दोन लाख टनांची जहाजे तळाला गेली. या मोहिमेचे नाव ‘हेलस्टोन’, म्हणजे गारपीट.

म्हणूनच चुऊकच्या तळाशी जे आहे त्याला ‘बुडालेले आरमार’ म्हणणे पूर्णांशाने खरे नाही. जवळपास प्रत्येक नावापुढे ‘मारू’ आहे, आणि हे उपपद जपानी व्यापारी जहाजांचे. शांतताकाळात रेशीम, कापूस आणि प्रवासी वाहणारी ही जहाजे सरकारने युद्धासाठी ताब्यात घेतली होती. त्यांवरील खलाशांत व्यापारी जहाजांवर आयुष्य काढलेली माणसेही पुष्कळ होती. पर्यटनपत्रिकांना ‘भुताळी आरमार’ हा शब्द फार आवडतो. त्या शब्दाने छायाचित्रे खपतात, परंतु इतिहास मात्र धूसर होतो.

यांतल्या एका जहाजाचा भारताशी थेट संबंध आहे. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी, कोकोस बेटांच्या नैऋत्येस, ‘ओन्दिना’ या डच तेलवाहू जहाजाला सोबत करणारी ‘बंगाल’ ही रॉयल इंडियन नेव्हीची सुरुंग काढणारी छोटी नौका दोन जपानी जहाजांच्या समोर आली. बंगाल सुमारे साडेसहाशे टनांची, तोफ म्हणावी अशी एकच. समोरची दोन्ही जहाजे प्रत्येकी दहा हजार टनांच्या वर आणि कितीतरी मोठ्या तोफांची. तरीही बंगालने तोंड फिरवले नाही. झुंजीत ‘होकोकू मारू’ स्फोट होऊन बुडाले, ओन्दिना आणि बंगाल दोघेही वाचले, आणि बंगाल नौका स्वातंत्र्यानंतरही भारतीय नौदलात राहिली. त्या दिवशी माघारी गेलेले दुसरे जपानी जहाज होते ‘आइकोकू मारू’. पंधरा महिन्यांनी, हेलस्टोनच्या पहिल्याच सकाळी, चुऊकमध्ये त्याच्या पुढच्या कोठीतील दारूगोळ्यावर बॉम्ब पडला. जहाजाचा अर्धा भाग क्षणात नाहीसा झाला आणि त्यावरचे शेकडो सैनिक व खलाशी त्याच्यासोबत गेले. उरलेला अर्धा भाग आज ६० मीटरहून खोल पाण्यात उभा आहे.

बुडाल्यावर ही जहाजे सुमारे पाव शतक जगाच्या विस्मरणात होती. १९६९ मध्ये फ्रेंच समुद्र-संशोधक जाक कुस्तो आपल्या चमूसह येथे आला. त्या चित्रीकरणावरचा माहितीपट १९७१ मध्ये दूरचित्रवाणीवर दिसला आणि जगभरच्या हौशी पाणबुड्यांना एक नवे तीर्थ सापडले. त्या ओढीत नवल नाही. पाणी वर्षभर २८-२९ अंश सेल्सियसच्या आसपास, लाटा नाहीत, आणि जहाजे तळावर जवळजवळ सरळ बसलेली. ‘फुजिकावा मारू’च्या नाळेवरची तोफ मऊ प्रवाळांनी इतकी मढली आहे की ती तोफ आहे हे क्षणभर ध्यानात येत नाही. त्याच्या पुढच्या कोठीत झीरो विमानांचे सांगाडे आहेत, चालकाच्या बैठकीसह. पर्ल हार्बरवर निघालेल्या आरमाराला इंधन पुरवणारे ‘शिन्कोकू मारू’ तर आज समुद्रफुलांची बाग झाले आहे. ‘सान फ्रान्सिस्को मारू’च्या तक्तपोशीवर रणगाडे तसेच उभे आहेत, पण तेथे पोहोचायला ५० मीटर खोल जावे लागते. हौशी पाणबुड्याची शिस्तीची मर्यादा ४० मीटर. त्याखाली दाबामुळे नायट्रोजनची नशा चढते आणि वर येताना टप्प्याटप्प्याने थांबावे लागते. घाई करणाऱ्याला शरीर माफ करत नाही.

येथपर्यंतचा भाग सर्वांना ठाऊक असतो, किंवा असावासा वाटतो. अडचण सुरू होते ती जहाजाच्या आत.

चुऊकच्या कित्येक जहाजांवर तक्तपोशीवर एके ठिकाणी चिनी मातीच्या बश्या, साकेच्या बाटल्या, बुटांचे तळवे, वायुमुखवटे, औषधांच्या कुप्या नीट मांडून ठेवलेल्या दिसतात. छायाचित्र सुरेख येते. या वस्तू बुडताना तेथे नव्हत्या. त्या कोठ्यांतून आणि खोल्यांतून उचलून आणून, येणाऱ्यांना सहज दिसाव्यात म्हणून मांडल्या गेल्या आहेत. उत्खननाच्या खड्ड्यातून नाणी वेचून काठावर रांगोळी काढावी, तसाच हा प्रकार. बशी अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात होती की खलाशांच्या, औषधाची कुपी जहाजाच्या वापराची होती की किनाऱ्यावरच्या रुग्णालयासाठी नेला जाणारा माल, हे सांगणारी एकमेव गोष्ट म्हणजे तिची जागा. ती जागा एकदा गेली की उरते ती केवळ जुनी बशी. वस्तू वर नेण्यास कायद्याने मनाई आहे, आणि ते ठीकच. पण तळावरच हलवलेली वस्तूही इतिहासाच्या दृष्टीने चोरीला गेलेलीच असते.

याहून गंभीर प्रश्न अस्थींचा आहे. काही जहाजांच्या इंजिनघरांत मानवी हाडे अजून आहेत. १९८० च्या दशकात जपानी पथकांनी आइकोकू मारूमधून अस्थी वर आणल्या आणि त्यांच्यावर अंत्यसंस्कार केले. सर्वच जहाजांच्या बाबतीत तसे झाले नाही, आणि खोलवरच्या कप्प्यांत ते शक्यही नाही. तोवर त्या अस्थी पर्यटनाच्या यादीत शिरल्या. एखाद्या कवटीपर्यंत नेऊन आणणे हा सहलीचा भाग होतो, तिचे जवळून छायाचित्र निघते, ते जगभर फिरते.

मराठी वाचकाला यातील बोच समजायला फार लांब जावे लागू नये. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या कित्येक घरांत ती तारीख अजून सांगितली जाते. त्या बोटीच्या पोटातील अवशेषांपाशी कुणी परदेशी पाहुणा अंगठा उंचावून छायाचित्र काढतो आहे अशी कल्पना केली, की युद्धसमाधी या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. शत्रुराष्ट्राचा सैनिक होता म्हणून त्याचे हाड प्रदर्शनीय ठरत नाही. जपानी लष्कराने आशियात जे अत्याचार केले त्यांचा हिशेब कठोरपणे मांडला जावा. तो एका तेलवाहू जहाजातील भट्टीवाल्याच्या कवटीवर वसूल करता येत नाही.

कोकणच्याच किनाऱ्यावर, निवती खडकाजवळ, भारतीय नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका पर्यटनासाठी समुद्रतळाशी ठेवण्याची योजना महाराष्ट्राने आखली. अशी नौका आधी स्वच्छ करतात, तेल काढतात, धोकादायक कोपरे बंद करतात. तेथे कुणी मेलेले नसते. मालवणला पहिली डुबकी घेणाऱ्या तरुणांनी हा भेद मनात पक्का करावा, कारण मुखवट्याच्या काचेतून दोन्ही जहाजे सारखीच दिसतात.

मात्र अस्थी आणि बश्या यांवरच चर्चा थांबली, तर ती पुन्हा जपान आणि अमेरिका या दोघांचीच राहते. एकाची जहाजे, दुसऱ्याचे बॉम्ब. मधल्या बेटांवर राहणारी माणसे या कथेत पार्श्वभूमीसारखी येतात, नारळाच्या झाडांबरोबर.

त्यांचे युद्ध जहाजांवर झालेच नाही. विमानतळांसाठी त्यांच्या जमिनी गेल्या, पिढ्यान्‌पिढ्या पोसणारी विलायती फणसाची झाडे तोडली गेली, पुरुषांना सक्तीने राबवले गेले. हेलस्टोननंतर अमेरिकेने ही बेटे जिंकली नाहीत, त्यांना वळसा घालून सैन्य पुढे गेले. त्यामुळे बेटांवर अडकलेले हजारो जपानी सैनिक आणि स्थानिक रहिवासी यांच्यावर युद्ध संपेपर्यंत, दीड वर्ष, उपासमार आणि बॉम्बवर्षाव दोन्ही चालू राहिले. ज्यांच्या हाती बंदूक होती त्यांनी अन्नावर आधी हात टाकला. याच बेटांवर जपानने १९४३ मध्ये नाउरू या दूरच्या बेटावरून १२०० माणसे हद्दपार करून मजुरीसाठी आणली होती. ३१ जानेवारी १९४६ रोजी त्यांपैकी ७३७ जण जिवंत घरी परतले. नाउरूने पुढे १९६८ मध्ये आपल्या स्वातंत्र्यासाठी ३१ जानेवारी हाच दिवस निवडला. पाण्याखालच्या कोणत्याही जहाजात ही गोष्ट दिसत नाही. हजारो पाणबुडे चुऊकला जाऊन येतात आणि त्यांतील फारच थोड्यांच्या कानावर नाउरूचे नाव पडते.

हे चित्र एकरंगी नाही, हेही नोंदवायला हवे. चुऊकच्या पाणबुडी-पर्यटनाचा पाया घातला तो किमिउओ आयसेक या स्थानिक माणसाने. हेलस्टोनच्या वेळी तो किशोरवयात होता आणि त्याने हल्ला डोळ्यांनी पाहिला होता. कोणते जहाज कुठे बुडाले हे त्याला नकाशावाचून आठवत होते. १९७३ मध्ये त्याने पाणबुड्यांसाठी दुकान काढले. जहाजे शोधण्यात आणि जपानी कुटुंबांना त्यांच्या मृतांच्या जागेपर्यंत पोहोचवण्यात त्याचा वाटा मोठा होता. ज्या हल्ल्यात त्याचे बालपण उद्ध्वस्त झाले, त्याच्याच अवशेषांवर त्याने आपल्या लोकांसाठी उपजीविका उभी केली. दुसऱ्या टोकाला, याच बेटांवर काही मच्छीमार बुडालेल्या जहाजांतील दारूगोळा फोडून त्यातील स्फोटकांनी मासे मारत आले आहेत. त्यात प्रवाळ मरतो, जहाजे खिळखिळी होतात, माणसांचे हातही जातात. पाहुणे यावर हळहळतात. पण दारूगोळा तेथे नेऊन टाकला कुणी, आणि ज्याच्या घरी आजची चूल पेटायची आहे त्याला वारशाचे व्याख्यान देण्याचा अधिकार कुणाला, हे प्रश्न त्या हळहळीत ऐकू येत नाहीत.

आता तेलाकडे. पोलाद खाऱ्या पाण्यात ऐंशी वर्षे टिकले, पुढची ऐंशी टिकणार नाही. फुजिकावा मारूचे वरचे मजले ढासळू लागले आहेत. उलट्या पडलेल्या ‘होयो मारू’मधून तेल झिरपत असल्याचे आढळले आहे. एखादी टाकी एकदम फुटली तर कांदळवने, मासेमारी आणि लगूनचा किनारा यांची हानी भोगणार ते बेटवासी.

याच देशात, म्हणजे मायक्रोनेशियाच्या संघराज्यात, उलिथी नावाचे दुसरे लगून आहे. तेथे २० नोव्हेंबर १९४४ रोजी जपानी मानवी पाणतीराने अमेरिकेचे ‘मिसिसिनेवा’ हे नौदलाचे तेलवाहू जहाज बुडवले. २००१ मध्ये वादळानंतर त्यातून तेल येऊ लागले. जहाज अमेरिकी नौदलाचे आहे याबद्दल कुणाला शंका नव्हती, आणि २००३ मध्ये त्या नौदलाने येऊन जवळपास २० लाख गॅलन तेल उपसून नेले. म्हणजे तंत्र आहे, पैसा आहे, दाखलाही आहे. चुऊकमध्ये अडते ते एवढ्यावरच की जहाजे जपानी, बुडवली अमेरिकेने, आणि पाणी तिसऱ्याचे. नौदलाच्या लढाऊ नौकेवर ध्वजराष्ट्राची मालकी बुडाल्यावरही राहते, असे आंतरराष्ट्रीय प्रथा मानते. युद्धासाठी ताब्यात घेतलेल्या व्यापारी जहाजांचे काय, यावर वाद घालायला वाव आहे, आणि वाद असेपर्यंत खर्च टळतो. गंमत अशी की अमेरिकेच्या विश्वस्त अमलाखाली ही बेटे असताना, १९७६ साली, चुऊकची ही बुडालेली जहाजे अमेरिकेच्याच राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत चढली. वारसा म्हणून मिरवायला त्यांची मालकी आड आली नाही.

युनेस्कोचा पाण्याखालील सांस्कृतिक वारशाविषयीचा करार २००१ चा. तो शंभर वर्षे पाण्याखाली असलेल्या अवशेषांना संरक्षण देतो. चुऊकच्या जहाजांची शंभरी १७ फेब्रुवारी २०४४ रोजी भरेल. जपान आणि अमेरिका, दोघेही या कराराच्या बाहेर आहेत.

त्यामुळे जहाजांवर पाणबुड्यांना बंदी घालावी, ही काही अभ्यासूंची सूचना निरर्थक आहे. बंदीने लगूनचे उत्पन्न जाईल, साक्षीदार डोळे जातील, आणि गळती प्रथम पाहणारेही उरणार नाहीत. हवे आहे ते अगदी साधे. इंजिनघरांतील अस्थींपर्यंतचे मार्ग बंद व्हावेत. मांडून ठेवलेल्या वस्तूंना आणखी कुणी हात लावू नये. जपान आणि अमेरिका यांनी मालकीचा वाद बाजूला ठेवून तेल उपसण्याचा खर्च वाटून घ्यावा, आणि तो आधी तेलवाहू जहाजांवर करावा. डुबकीचा परवाना घेणाऱ्या प्रत्येकाला जहाजांच्या नकाशाबरोबर बेटांचाही नकाशा मिळावा: कुठे विमानतळ झाला, तेथे आधी कुणाची घरे होती, नाउरूची माणसे कोणत्या बेटांवर ठेवली गेली. किमिउओ आयसेक २००१ मध्ये गेला. हल्ला पाहिलेल्या त्याच्या पिढीतील शेवटची माणसे आज शंभरीच्या घरात आहेत.